संघ सोडावा की तिकीट सोडावे?

पत्राचा सारांश: मध्य न्यू जर्सीत राहणारे, पन्नाशी ओलांडलेले एक वाचक लिहितात की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेत आले. कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना न्यू यॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्याला नेले, खेळ समजावून सांगितला आणि तेव्हापासून हा संघ त्यांचा झाला. २०१० मध्ये मेडोलँड्स येथे नवे स्टेडियम (आजचे मेटलाइफ) उभे राहिले. त्या वेळी त्यांनी दोन जागांचे पीएसएल घेतले, म्हणजे त्या जागांची सीझन तिकिटे दरवर्षी विकत घेण्याचा हक्क एकरकमी मोठी किंमत मोजून मिळवला. त्या पहिल्याच हंगामात संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. त्यानंतर एकदाही नाही. वाचकांचा सगळा राग मालक वुडी जॉन्सन यांच्यावर आहे. शेजारच्या जागांवरच्या काही मित्रांनी यंदा तिकिटांचे नूतनीकरण न करता ‘मालकाला धडा शिकवायचे’ ठरवले आहे. पत्नीचे म्हणणे असे की, रविवारी संघ हरला की मंगळवारपर्यंत घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. लहानपणापासून सोबत सामन्याला येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने अलीकडे फिलाडेल्फिया ईगल्सची जर्सी घेतली आहे. “तिकीट सोडले तर पळपुटा ठरेन आणि ठेवले तर त्याच मालकाच्या खिशात आणखी पैसे घालीन. मुलाला तरी मी पराभवाशिवाय काय दिले?” असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

‘विषय तसा क्षुल्लक आहे’ असे लिहून तुम्ही पत्रात क्षमा मागितली आहे, ती मागण्याचे काहीच कारण नाही. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला सोमवारी सकाळी कार्यालयात कोणाशी काय बोलावे हे सुचत नाही, त्या दिवसांत आदल्या दिवशीच्या सामन्याने तुमच्यासाठी केवढे काम केले असेल, याची कल्पना मला तुमच्या पत्रावरूनच येते. त्या संघामुळे तुम्हाला माणसे मिळाली आणि हे गाव आपले वाटू लागले. तेव्हा ‘खेळच तर आहे, सोडून द्या’ हा सल्ला मी देणार नाही. मात्र तुमच्या प्रश्नात काही गोष्टी तुम्ही आधीच गृहीत धरल्या आहेत आणि त्या एकेक करून तपासल्याशिवाय निर्णय घेणे बरोबर होणार नाही, असे मला वाटते.

पहिले गृहीतक असे की, संघाचे सगळे दुखणे मालकात आहे आणि मालक गेला की दुखणे जाईल. जेट्सचा इतिहास या बाबतीत थोडा अडचणीचा आहे. या संघाने सुपर बोलचे, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याचे, आपले एकमेव विजेतेपद १२ जानेवारी १९६९ रोजी, बाल्टिमोर कोल्ट्सला १६-७ असे हरवून मिळवले. त्यानंतर हा संघ सुपर बोलच्या सामन्यापर्यंत कधीच पोहोचला नाही. आधीचे मालक लिऑन हेस यांचे १९९९ मध्ये निधन झाले आणि २०००च्या आरंभी जॉन्सन यांनी ६३ कोटी ५० लाख डॉलरला संघ विकत घेतला, तोपर्यंत दुष्काळाची तीस वर्षे उलटून गेली होती. आपल्याकडे घरोघरी ज्या कंपनीची बेबी पावडर वापरली गेली, तिच्या संस्थापक घराण्यातले हे जॉन्सन. त्यांच्या मालकीच्या पहिल्या अकरा हंगामांत संघ सहा वेळा प्लेऑफमध्ये गेला, आणि २००९ व २०१० अशा लागोपाठच्या दोन हंगामांत तर सुपर बोलपासून केवळ एक विजय दूर राहिला. ते हंगाम तुम्ही मैदानात बसून पाहिले आहेत. मालक तेव्हाही हेच होते.

याचा अर्थ मालक निर्दोष आहेत असा मुळीच नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर सर्व संघांना सारखीच मर्यादा असते, त्यामुळे श्रीमंत मालक पैशांच्या जोरावर संघ उभा करू शकत नाही आणि कंजूष मालकाला फारसा हात आखडताही घेता येत नाही. मालकाचे खरे काम दोनच गोष्टींपुरते उरते: योग्य माणसे नेमणे आणि नेमल्यावर त्यांना वेळ देणे. या दोन्ही कसोट्यांवर जेट्सची नोंद वाईट आहे. रेक्स रायन यांच्यानंतर टॉड बोल्स, ॲडम गेस, रॉबर्ट साले अशी मुख्य प्रशिक्षकांची रांग लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर हंगामाचे केवळ पाच सामने झालेले असताना साले यांना काढले, आणि पुढच्याच महिन्यात महाव्यवस्थापक जो डग्लस यांनाही. मोठ्या आशेने निवडलेले क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू) इथे कोमेजले आणि दुसरीकडे जाऊन फुलले. जीनो स्मिथ यांनी २०२२ मध्ये सिॲटलकडून खेळताना पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला आणि सॅम डार्नोल्ड यांनी २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ विजय मिळवून दिले. रोपे चांगली असूनही रुजत नसतील, तर कोणी पाणी घातले याची चौकशी झालीच पाहिजे, आणि तुमचा राग तिथे रास्त आहे.

परंतु सगळेच अपयश त्या एका खात्यावर मांडता येत नाही. २०२३ मध्ये नामवंत क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स यांना आणले, तेव्हा चाहत्यांची मागणी तीच होती, आणि ११ सप्टेंबरच्या रात्री, संघासाठी केवळ चार चाली खेळून झालेल्या असताना त्यांच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्या रात्रीचा राग कोणावर काढणार? वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला प्रत्येक आघातामागे एकच चेहरा दिसू लागतो. त्याने मनाला थोडा आधार मिळतो हे खरे, पण त्यावरून निर्णय घेतला तर तो चुकण्याची शक्यता मोठी असते.

मालकी आणि यश यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो, याचे एक उदाहरण मुंबई-पुण्यातल्या वाचकांनाही जवळचे वाटेल. मँचेस्टर युनायटेडचे असंख्य चाहते महाराष्ट्रात आहेत, आणि २००५ मध्ये क्लबच्याच माथी कर्ज मारून तो विकत घेणाऱ्या ग्लेझर कुटुंबावर त्यांचा राग तुमच्याइतकाच धगधगता आहे. हेच ग्लेझर कुटुंब अमेरिकन फुटबॉलमधल्या टॅम्पा बे बकनीअर्सचेही मालक आहे, आणि तिथे त्यांच्या मालकीत संघाने २००३ व २०२१ मध्ये दोन सुपर बोल जिंकले. कुटुंब एकच, पण नियम निराळे. अमेरिकेत संघावर किती कर्ज काढता येईल याला लीगने मर्यादा घातली आहे आणि पगारालाही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये तसे कुंपण फार ढिले होते. डेट्रॉइट लायन्सची कथा त्याहून बोलकी आहे. १९६०च्या दशकापासून तो संघ फोर्ड घराण्याकडे आहे, आणि २००८ मध्ये त्याने सोळापैकी सोळा सामने हरण्याचा विक्रम केला होता. मालकी घराण्यातच राहिली, पण २०२० मध्ये सूत्रे शीला फोर्ड हॅम्प यांच्याकडे आली. त्यांनी नवा महाव्यवस्थापक आणि नवा प्रशिक्षक नेमला, आणि २०२२ मध्ये सहापैकी पाच सामने हरल्यावरही त्या लोकांसमोर येऊन आपल्या माणसांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सने ३२ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला. तेव्हा मालक विकून जाईल तो सोन्याचा दिवस, असे धरून बसण्यात अर्थ नाही; घराणे तेच राहूनही कारभार सुधारू शकतो. तसे होईलच, असे मात्र तुम्हाला किंवा मला कोणी लिहून देणार नाही.

आता दुसरे गृहीतक, आणि माझ्या मते तुमच्या पेचाचा कणा हाच आहे. तुम्ही आणि तुमचे मित्र असे समजता की तिकीट सोडल्याने मालकाला शिक्षा होईल. पैसा कुठून येतो हे एकदा नीट पाहू. अमेरिकन फुटबॉलच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ने (एनएफएल) २०२१ मध्ये दूरचित्रवाणी कंपन्यांशी केलेले अकरा वर्षांचे करार मिळून शंभर अब्ज डॉलरच्या वर जातात, आणि ते उत्पन्न ३२ संघांत समान वाटले जाते. जिंकणाऱ्याला जास्त आणि हरणाऱ्याला कमी असा भेद त्यात नाही. हे आकडे एरवी बाहेर येत नाहीत. पण विस्कॉन्सिनमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ पाच लाखांहून अधिक भागधारक चाहत्यांच्या मालकीचा असल्यामुळे दरवर्षी आपला ताळेबंद जाहीर करतो, आणि त्यावरून बाकी संघांच्या वाट्याचाही अंदाज येतो. २०२४च्या हंगामासाठी हा राष्ट्रीय उत्पन्नाचा वाटा प्रत्येक संघाला ४३ कोटी २६ लाख डॉलर इतका होता, आणि त्या हंगामातली खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादा होती २५ कोटी ५४ लाख. म्हणजे स्टेडियमचे दार उघडण्यापूर्वीच खेळाडूंचे पगार भागून वर भरपूर पैसे उरले होते. इतकेच नव्हे, तर घरच्या सामन्यांच्या तिकीटविक्रीचाही सुमारे एकतृतीयांश वाटा पाहुण्या संघांसाठीच्या सामाईक निधीत जातो. तुमच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर मालकाला त्याची झळ फारशी जाणवणारच नाही.

त्यातून या लीगमध्ये खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याची भीती नाही. इंग्लंडमध्ये संघ सतत हरला तर तो खाली जातो आणि मालकाच्या मालमत्तेची किंमत कोसळते. इथे सर्वात वाईट संघाला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडण्याची पहिली संधी मिळते. दरम्यान संघाची किंमत हरतानाही वाढतच राहते. वॉशिंग्टनचा संघ डॅन स्नायडर यांनी १९९९ मध्ये ८० कोटी डॉलरला घेतला, २४ वर्षांत प्लेऑफचे केवळ दोन सामने जिंकले, आणि २०२३ मध्ये तोच संघ ६ अब्ज ५ कोटी डॉलरला विकला. ही व्यवस्था अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रीन बेसारखी चाहत्यांची मालकी हा त्यावरचा एक उपाय ठरला असता, पण तशा मालकीला आता लीगच परवानगी देत नाही.

तरीही वॉशिंग्टनचे प्रकरण तुमच्या मित्रांनी बारकाईने पाहावे. स्नायडर गेले, ते रिकाम्या खुर्च्यांमुळे नव्हे. संघाच्या कार्यालयातल्या महिला कर्मचाऱ्यांनी पुढे येऊन छळाच्या तक्रारी केल्या, पत्रकारांनी त्या लावून धरल्या, अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीने चौकशी केली आणि शेवटी इतर मालकांनाच ते ओझे वाटू लागले. त्याआधी २०२० मध्ये संघाचे जुने अपमानास्पद नाव बदलले गेले, तेही स्टेडियमला नाव देणाऱ्या प्रायोजकाने तशी मागणी केल्यावर. १९९५ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचे मालक आर्ट मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली, तेव्हा चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, पत्रांचा पाऊस पाडला, आणि महापालिका न्यायालयात गेली. संघ गेला, पण नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडकडेच राहिला आणि १९९९ मध्ये तिथे ब्राउन्स पुन्हा उभे राहिले. चाहत्यांची ताकद जिथे चालली, तिथे ती प्रायोजक, वृत्तपत्रे, नगरपालिका आणि न्यायालय यांच्या मार्गाने चालली. पुण्यातल्या वाचकांना हे वाचून हळहळ वाटेल. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद होऊन त्या जागी हैदराबादचा संघ आला, तेव्हा त्या चाहत्यांच्या हाती नावसुद्धा उरले नाही.

म्हणून तुमच्या मित्रांच्या बहिष्काराला मी निरर्थक म्हणणार नाही, पण तो करायचाच असेल तर गुपचूप करू नये. नूतनीकरणाची मुदत जवळ आलेली असते, तो काळ तिकीट विभाग ग्राहकाचे म्हणणे लक्ष देऊन ऐकण्याचा असतो. प्रत्येकाने आपण का थांबत आहोत हे सभ्य शब्दांत, नावानिशी लिहून कळवावे, आणि त्या पत्रात वैयक्तिक शिवीगाळ नसावी. ‘संघ विका’ ही मागणी मालक मान्य करण्याची शक्यता नगण्य आहे, हे मनात धरून मागणी ठोस ठेवावी: फुटबॉलविषयक निर्णय महाव्यवस्थापकावर सोपवावेत, प्रशिक्षकाला पुरता वेळ द्यावा, हंगामाच्या शेवटी मालकाने चाहत्यांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे द्यावीत. त्याच स्टेडियमवर खेळणाऱ्या न्यू यॉर्क जायंट्सच्या चाहत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये विमानाला फलक बांधून मालकांना साद घातली होती. त्याची चर्चा झाली, कारण ती सर्वांना दिसली. रिकाम्या खुर्च्याही दूरचित्रवाणीवर दिसतात आणि प्रायोजकांना त्या आवडत नाहीत. पण एकट्या कुटुंबाच्या दोन खुर्च्यांवर हे ओझे टाकू नका आणि ‘मी सोडले तरी काहीच बदलले नाही’ म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा स्वतःवर चिडू नका.

यातून तुमच्यासाठी एक सुटका निघते. तिकीट ठेवल्याने मालक फारसा श्रीमंत होत नसेल आणि सोडल्याने गरीब होत नसेल, तर तुमच्या निर्णयातून मालकाला वजा करता येते. आजवर तुम्ही तराजूच्या एका पारड्यात वुडी जॉन्सन यांना बसवून वजन करत होता, म्हणून काटा स्थिर होत नव्हता. त्या पारड्यात तुमचे रविवार, तुमचे पैसे, तुमचे घर आणि मैदानातली तुमची माणसे ठेवून पाहा.

निष्ठेचा प्रश्न राहतो. तुम्ही ‘पळपुटा’ हा शब्द स्वतःसाठी वापरला आहे आणि तो मला खटकला. देवस्थानच्या विश्वस्तांनी कारभार बिघडवला म्हणून आपल्याकडे कोणी कुलदैवत बदलत नाही, पण दानपेटीत पैसे टाकणे थांबवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना कोणी नास्तिक म्हणत नाही. तिकीट हा एक व्यवहार आहे. तो तुम्ही एका कंपनीशी करता आणि त्या कंपनीला तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागला पाहिजे. आपुलकी मात्र ज्या रंगांशी, ज्या आठवणींशी आणि ज्या माणसांशी जडली, ती त्या व्यवहारात गुंतलेली नाही. ज्यांच्याकडे कधीच सीझन तिकीट नव्हते, वरच्या मजल्यावर वर्षातून एकदा येऊन बसणारे, किंवा घरी बसून सामना पाहणारे, असे लाखो चाहते आहेत; त्यांची निष्ठा तुमच्याहून कमी आहे असे तुम्ही त्यांना तोंडावर म्हणाल का? मला नाही वाटत.

आता हिशेबाकडे वळू. पीएसएलसाठी २०१० मध्ये दिलेले पैसे गेले आहेत आणि पुढची दहा वर्षे तिकिटे घेतल्याने ते परत येणार नाहीत. ‘इतके घातले, आता कसे सोडू’ हा विचार माणसाला बुडीत धंद्यातही अडकवून ठेवतो, आणि तुमच्या पत्रात तो दोन-तीन ठिकाणी डोकावतो. तरी घाई करू नका. नूतनीकरण केले नाही तर सामान्यतः पीएसएलचा हक्क जातो, तेव्हा आधी करारपत्र काढून वाचा, हक्क दुसऱ्याच्या नावे करता किंवा विकता येतो का, त्याची मुदत कोणती, शुल्क किती, हे पाहा. मग कागदावर वर्षाचा पुरा खर्च मांडा: घरच्या मैदानावरचे दहा सामने, त्यात हंगामपूर्व सरावाचे सामनेही येतात आणि त्यांचे पैसेही भरावेच लागतात, पार्किंग, टोल, खाणेपिणे. त्यापुढे गेल्या वर्षी खरोखर किती सामन्यांना गेलात आणि त्यांतले किती आनंदाने, हे लिहा. हरणाऱ्या संघाची हंगामाच्या उत्तरार्धातली तिकिटे पुनर्विक्रीत अनेकदा छापील किमतीहून स्वस्त मिळतात. वर्षातून तीन सामने निवडून पाहणाऱ्याला सीझन तिकिटाची गरजच नसते. हे गणित इतर संघांच्या आणि इतर खेळांच्या वाचकांनाही लागू पडते: जागेवरचा हक्क आणि खेळ पाहण्याचा आनंद या दोन गोष्टींची किंमत वेगवेगळी लावावी.

या हिशेबात एकच रकाना पैशांत मांडता येणार नाही, तो म्हणजे शेजारच्या जागांवरची माणसे. इतकी वर्षे एकाच रांगेत बसून तुम्ही एकमेकांच्या मुलांना वाढताना पाहिलेत, पार्किंगमध्ये एकमेकांच्या डब्यातले खाल्लेत. तिकीट सोडल्यावर ही भेट आपोआप होणार नाही. तुमचे मित्रही सोडणार असतील, तर वर्षातले दोन रविवार आताच ठरवून कोणाच्या तरी घरी एकत्र बसा. हे नंतर पाहू म्हटले की होत नाही.

पत्नीचे म्हणणे मी सर्वात गंभीरपणे घेतले आहे. त्यांची तक्रार तिकिटाबद्दल नाही, सामन्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल आहे, आणि तिकीट सोडून तुम्ही तोच सामना घरच्या दूरचित्रवाणीवर पाहून तितकेच चिडलात तर घराला काय मिळाले? राग जिथे वाढवला जातो तिथे कात्री लावा. सामना संपल्यावर गाडीत क्रीडा रेडिओवरचे फोन ऐकणे, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर इतरांचा संताप वाचणे, सोमवारी पुन्हा तेच उगाळणे, यांतून खेळाची समज एक तसूभरही वाढत नाही. सामना संपला की जेवणाच्या ताटावर त्याचा विषय नको, असा साधा नियम घरात करा, आणि तो तुम्ही मोडलात तर पत्नीला तसे सांगण्याचा पूर्ण हक्क द्या. त्यांनी पंचवीस वर्षे तुमच्या या संघाला घरात जागा दिली आहे. त्यांचे ऐकणे म्हणजे उपकार नव्हे.

मुलाविषयी तुम्ही लिहिले आहे ते वाचून मात्र मला तुम्हाला थांबवावेसे वाटले. मध्य न्यू जर्सी ही न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन्ही शहरांच्या ओढीतली जागा आहे. त्याच्या वर्गातली अर्धी मुले ईगल्सची असतील, आणि त्या संघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकला. सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या मित्रांसोबत आनंद साजरा करण्याची इच्छा धरली, तर तो बापाशी द्रोह होत नाही. तुम्ही स्वतः जेट्सकडे आलात, तेही एका सहकाऱ्याच्या मैत्रीमुळेच. शिवाय मुलाने फुटबॉल सोडलेला नाही. हा खेळ, तो बारकाईने पाहण्याची सवय, थंडीत शेवटच्या मिनिटापर्यंत बसण्याची चिकाटी, हे सगळे त्याने तुमच्याकडूनच घेतले. ‘मी त्याला पराभवाशिवाय काय दिले’ हा प्रश्न त्यालाच विचारून पाहा. तुम्हाला वाटते त्याहून वेगळे उत्तर मिळेल, अशी माझी अटकळ आहे. ईगल्सचा एखादा सामना त्याच्यासोबत पाहा, आणि तिथे जेट्सची गाऱ्हाणी काढू नका.

त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट करता येईल. तुमच्या घरापासून जवळच न्यू ब्रन्सविक आहे, जिथे ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात अमेरिकेतला पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला असे मानतात. रटगर्सचा संघ आजही पिस्कॅटवेमध्ये खेळतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी गावोगावच्या हायस्कूलचे सामने रंगतात. तिथे खेळणारी मुले तुमच्या मुलाच्या वयाची असतात, बँड वाजतो, सगळे गाव येते, आणि शिव्या देण्यासाठी मालकच नसतो. फुटबॉलवरचे तुमचे प्रेम शाबूत आहे की केवळ संताप उरला आहे, हे तिथल्या लाकडी बाकावर बसल्यावर तुम्हाला नेमके कळेल.

तुम्ही माझे स्पष्ट मत विचारले आहे. पीएसएल विकता येत असेल, तर विका. येत नसेल आणि वर मांडलेल्या हिशेबात आनंदाचे सामने चारांहून कमी भरले, तर यंदा नूतनीकरण करू नका. का थांबत आहात ते लिहून कळवा, आणि वाचलेल्या पैशांतून दोन-तीन सामने हवे तेव्हा, हवे त्यांच्यासोबत पाहा. पण हिशेब करताना तुमच्या लक्षात आले की हरलेल्या सामन्यांतूनही शेजाऱ्यांच्या सोबतीने तुम्ही बहुतेकदा प्रसन्न मनाने घरी परतला होता, तर आणखी एक वर्ष खुशाल घ्या, मित्रांना तसे सरळ सांगा, आणि पुढच्या वर्षी मुदतीच्या आधी, हंगामातला शेवटचा सामना डोक्यातून उतरल्यावर, पत्नीसोबत बसून हाच कागद पुन्हा काढा.